उजनीतल्या बेटावर निसर्ग-वसाहत करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
उजनी धरणाच्या पाणफुगवट्यातील बेटावर वसणाऱ्या खासगी निसर्ग-वसाहतीचे प्रवर्तक, व्यवस्थापन समिती आणि सर्व भूखंडधारक यांस
(आणि माहितीसाठी, या वसाहतीच्या परवानग्या ज्यांच्या टेबलावर आहेत त्या सर्व अधिकाऱ्यांस)

सप्रेम नमस्कार.

आपल्या सर्वसाधारण सभेत तीन ठराव मंजूर झाल्याचं समजलं. किनाऱ्यापासून बेटापर्यंत मुरमाचा भराव टाकून गाडीरस्ता करायचा, हा पहिला. बेटाभोवती थेट पाण्याच्या कडेपर्यंत जाळीचं कुंपण घालायचं, हा दुसरा. आणि बेटाच्या उघड्या, खडकाळ टोकावर झाडं लावून ते हिरवं करायचं, हा तिसरा. तिन्ही कामं फेब्रुवारीत, पाणी उतरायला लागलं की सुरू होणार आहेत. आपल्या माहितीपुस्तिकेत ही वसाहत निसर्ग राखण्यासाठी आहे असं पहिल्याच पानावर लिहिलं आहे. या तीन ठरावांनी नेमकं तेच मोडतं. गप्प बसवत नाही, म्हणून हे पत्र जाहीर लिहितो आहोत.

लिहिणारे आम्ही म्हणजे या पाण्यावर पक्ष्यांची नोंद ठेवणारे, होडी वल्हवणारे, जाळं लावणारे, पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीत गाळपेर कसणारे आणि सोलापुरात नळाला पाणी कधी येणार म्हणून वाट बघणारे लोक. सोलापूर शहर उजनीचं पाणी पितं. काही पाणी जलवाहिनीने थेट येतं, काही भीमेत सोडून औज बंधाऱ्यात अडवलं जातं आणि टाकळीहून उचललं जातं. एवढं करून शहरात काही दिवसांआड पाणी येतं. धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे उपयुक्त साठा संपला, की दुबार पंपिंग, म्हणजे दोन टप्प्यांत उपसा, मग तिबार पंपिंग. त्यामुळे पाणफुगवट्यात कोण काय बांधतं आणि पाण्यात काय सोडतं, हा आमच्या स्वयंपाकघरातला प्रश्न आहे.

बेटावर माणसांनी राहूच नये असं आमचं म्हणणं नाही. जमीन पूर्ण संचय पातळीच्या, म्हणजे धरण भरल्यावर पाणी जिथवर येतं त्या पातळीच्या, वर असेल, सातबारा स्वच्छ असेल, बिगरशेती परवाना रीतसर असेल, तर राहणं हा आपला हक्क आहे. निसर्ग सांभाळून खासगी बेटावर राहणारी माणसं जगात आहेत. आपल्या पुस्तिकेत ज्याचा दाखला दिला आहे, ते अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना किनाऱ्यावरचं डीवीस बेट त्यातलंच. पण तो दाखला पुरता वाचायला हवा. ते बेट सुमारे १२०० एकरांचं आहे आणि तिथे घरं जास्तीत जास्त १५०, म्हणजे घरामागे आठ एकर. तिथे जायला पूल नाही, फेरीबोटीनेच जावं लागतं. बेटावर मोटारी नाहीत, विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या आहेत. मोठा भाग कायमचा मोकळा राखलेला आहे. आपल्या नकाशात चाळीसएक एकरांवर साठ भूखंड आहेत, आणि आता पुलाच्या जागी भराव येतो आहे. दाखला द्यायचा तर त्या बेटाने स्वतःला कशाकशाची मनाई केली आहे, तेही पुस्तिकेत छापा.

आणखी एक फरक आहे, आणि आमचं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे. समुद्रातल्या बेटाला दिवसातून दोनदा भरती-ओहोटी असते. उजनीच्या बेटाला वर्षातून एकच भरती आणि एकच ओहोटी. धरण भरलेलं असताना पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटरवर असते. उपयुक्त साठा संपून टक्केवारी शून्यावर येते तेव्हा ती ४९१.०३ मीटर असते. म्हणजे नुसत्या उपयुक्त साठ्यात पाणी ५.८० मीटर खाली उतरतं, आणि मायनसमध्ये गेलं की त्याहून खाली. आपल्याकडचा उतार किती सौम्य आहे ते बघा. पन्नासास एक उतार धरला तर ५.८० मीटर पाणी उतरल्यावर काठ २९० मीटर मागे सरकतो. शंभरास एक उतार असेल तर अर्ध्या किलोमीटरहून जास्त. ऑक्टोबरात आपण ज्याला बेट म्हणून भूखंड दाखवता, ते मे महिन्यात अनेकदा बेट राहतच नाही. चिखलाच्या पट्ट्याने ते किनाऱ्याला जोडलं जातं. हा सरकता काठ ध्यानात न घेता आखलेली कुठलीही योजना पहिल्याच उन्हाळ्यात उघडी पडते.

आता ठरावांकडे येतो, आणि सुरुवात तिसऱ्यापासून करतो. कारण तो सगळ्यात निरुपद्रवी वाटतो आणि नुकसान सगळ्यात जास्त तोच करणार आहे.

बेटाचं ते दक्षिणेचं टोक उजाड दिसतं. खडे, फुटका काळा खडक, मध्येच वाळलेल्या गवताचे झुबके. भूखंड बघायला येणाऱ्याला तिथे काहीच दिसत नाही. मार्चमध्ये तिथे होडीतून लांबून दुर्बीण लावा. नदी सुरय नावाचा पाणपक्षी, काळी टोपी, पिवळीधमक चोच, दुभंगलेली शेपटी, तिथे जमिनीवर बसलेला दिसेल. त्याचं घरटं म्हणजे खड्यांत छातीने उकरलेली बोटभर खोल वाटी. काडी नाही, कापूस नाही. त्यात दोन-तीन अंडी, राखाडी-मातकट रंगावर तपकिरी ठिपके, हातभरावरूनही खड्यांपासून वेगळी ओळखू येत नाहीत. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि उघडा खडक त्याहून कितीतरी जास्त तापतो. पक्षी दिवसा अंड्यांवर बसतो तो त्यांना ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला. मधूनच पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतो आणि ओल्या पोटाने अंडी गार करतो. भर दुपारी माणूस जवळ आला की सगळी वसाहत एकदम उडते आणि डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहते. बघणाऱ्याला मौज वाटते, तो फोटो काढत रेंगाळतो. तेवढ्यात खाली अंडी भाजून निघतात. अंडं घातल्यापासून पिल्लू उडेपर्यंत साधारण सात आठवडे लागतात. एवढे दिवस ती जागा एकांतात हवी, बाकी काही नको.

हा पक्षी आता जगाच्या पातळीवर असुरक्षित गणला जातो. नद्यांतल्या वाळूच्या पट्ट्यांवर तो घरटी करत असे. ते पट्टे उपशात गेले, उरलेल्यांवर कुत्री पोचली. धरणातली अशी उघडी बेटं ही त्याची उरलेली ठिकाणं आहेत. टिटवी, शेकाट्या, छोटे चिखलेही त्याच जमिनीवर अंडी घालतात. या सगळ्यांना चारी बाजूंनी मोकळी नजर लागते. झाड लावलं की कावळ्याला आणि घारीला टेहळणीला फांदी मिळते, आणि कावळ्याला फांदी मिळाली की खालची अंडी संपली म्हणून समजा.

झाडं लावणं म्हणजे निसर्ग राखणं, हे समीकरण आपल्या जिल्ह्याला फार महागात पडलेलं आहे. सोलापूर हा माळरानाचा मुलूख. इथला निसर्ग म्हणजे पवन्या, मारवेल, कुसळीचं गवत, मध्येच एखादी बाभूळ, हिवर, बोर. नान्नजच्या माळावर माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं. तिथल्या गवताळ तुकड्यांत गिरिपुष्पासारखी झाडं वाढवली गेली, आणि ज्या पक्ष्याला क्षितिजापर्यंत मोकळं लागतं त्याच्यापुढे भिंती उभ्या राहिल्या. तेच आता पाण्यातल्या टोकावर करू नका. बेटावर झाडं हवीच असतील तर ती घरांच्या आसपास, वरच्या भागात, स्थानिक जातींची आणि मोजकी लावा. सुबाभूळ, निलगिरी, गुलमोहर नको. आणि हिरवळ अजिबात नको. हजार चौरस मीटर हिरवळ उन्हाळ्यात जिवंत ठेवायला रोज पाच-सहा हजार लिटर पाणी लागतं. तिला घातलेलं खत पहिल्याच पावसात धरणात उतरतं. ज्या धरणावर अवलंबून असलेल्या शहरात आया-बहिणी पाणी येईल त्या दिवशी हंडे-पिंपं भरून ठेवतात, त्या धरणातून लॉनला पाणी उचलायचं, हे आपल्यालाही पटू नये.

आता भराव रस्ता. आपल्या नकाशातला अरुंद भाग धरला तरी लांबी तीनशे मीटरच्या घरात जाते. माथा चार मीटर रुंद, सरासरी उंची चार मीटर, दोन्ही बाजूंना दोनास एक उतार, एवढा साधा हिशेब केला तर छेदाचं क्षेत्रफळ ४८ चौरस मीटर येतं आणि एकूण भराव १४,४०० घनमीटर. ब्रासमध्ये सांगायचं तर पाच हजार ब्रासच्या वर. चार ब्रासचा डंपर धरला तर साडेबाराशेहून जास्त खेपा. एवढा मुरूम कुठल्या माळाचं पोट फाडून येणार? गावातल्या कुठल्या रस्त्याने येणार? आणि दोन्ही अंगांना दगडी पिचिंग केलं नाही तर वाऱ्याच्या लाटा दोन पावसाळ्यांत मुरूम खाऊन टाकतील. मग पुन्हा डंपर.

भरावाखाली ह्यूम पाइप, म्हणजे सिमेंटचे मोठे नळ, टाकू, पाणी खेळतं राहील, असं उत्तर मिळालं आहे. पाइप पहिल्याच वर्षी जलपर्णीने बुजतात. हे उजनीच्या काठावर राहणाऱ्या कुणालाही विचारा. बुजले की भरावाच्या एका बाजूचं पाणी कोंडतं, तापतं, हिरवं पडतं. किनारा आणि बेट यांच्यामधली ती उथळ पट्टी ही माशांच्या पिल्लांची जागा आहे. पावसाळ्यात नवं पाणी चढतं, उन्हाळ्यात उगवलेलं गवत बुडतं, आणि त्या बुडालेल्या गवतात बोटाएवढी मासळी वाढते. आधीच चिलापी आणि परदेशी मांगूर यांनी देशी मासे मागे रेटले आहेत, वडाप नावाच्या बारीक जाळ्यांनी पिल्लंसुद्धा ओढली जातात. उरलेली पट्टी भरावाखाली गाडू नका.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, भराव म्हणजे कुत्र्याला, कोल्ह्याला, मुंगसाला, भटक्या मांजराला बारमाही रस्ता. आज निदान एप्रिलपर्यंत पाणी या पक्ष्यांची राखण करतं. भराव झाला की ती राखण एका उन्हाळ्यात संपते. वसाहतीतली पाळीव कुत्री तर पहिल्या दिवसापासून तिथे असतील. त्यात काम सुरू करायचा महिना फेब्रुवारी. जमीन कोरडी मिळते म्हणून ठेकेदाराला तो सोयीचा, आणि घरटी मांडायला पक्ष्यांनाही तोच. दोघांचा हंगाम एक आहे, हे ठराव करताना कुणाच्याच ध्यानात आलं नाही का?

गाडीरस्ता का हवा, हेही आम्ही समजून घेतलं. होडीची भीती वाटते. ती भीती खोटी नाही. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. काठावरची माणसं ते विसरलेली नाहीत. पण त्याचा इलाज भराव नव्हे, शिस्तीची जलवाहतूक आहे. ती कशी असावी तेही सांगतो, कारण हे आमचं रोजचं आहे.

एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचं वारं अचानक सुटतं. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी पंधरा मिनिटांत उसळतं. म्हणून त्या दोन महिन्यांत शेवटची फेरी दुपारी तीनच्या आत. आभाळ भरलं की फेरी बंद, प्रवासी कितीही मोठा असो. लाइफ जॅकेट बोटीत असून भागत नाही, ते अंगात घातलेलं आणि पट्टे आवळलेलं हवं, लहान मुलांची मापं वेगळी. बोटीची नोंदणी आणि तपासणी अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ प्रमाणे झालेली हवी, आणि किती माणसं बसवायची तो आकडा बोटीवर रंगवलेला हवा. धक्का तरंगता हवा. सिमेंटचा पक्का धक्का जानेवारी-फेब्रुवारीतच कोरडा पडतो, मग माणसं चिखलातून बोटीकडे चालायला लागतात. वरून वाळून भेगा पडलेला तो गाळ खाली मांडीभर खोल असतो. त्यात रुतलेल्या माणसाला ओढून काढताना दुसराही रुततो. तरंगता धक्का पाण्याबरोबर खाली-वर होतो, त्याचे दोर आणि नांगर मात्र दर पंधरा दिवसांनी सरकवावे लागतात. त्यासाठी गावातला माणूस पगारावर ठेवा. रात्री-अपरात्री घोणस चावली किंवा छातीत कळ आली तर माणूस किनाऱ्यावर आणि तिथून तालुक्याच्या दवाखान्यात कसा पोचवायचा, याची तालीम वर्षातून दोनदा व्हायला हवी. पावसाळ्यात पाणी चढतं तसे खालच्या बिळांतले साप वर घरांकडे सरकतात. ते मारायचे नाहीत. बेटावर राहणाऱ्याने हे सगळं स्वीकारूनच यायला हवं.

कुंपणाबद्दल. पूर्ण संचय पातळीच्या खालची जमीन आपली नाही. ती धरणासाठी संपादित झालेली आहे. पाणी उतरलं की तिच्यावर गाळपेर होतं, आणि ज्यांची गावंच्या गावं १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाने बुडवली त्यांच्या मुला-नातवंडांचा तिच्यावर संसार चालतो. ज्वारी, हरभरा, मका, कलिंगड, जनावरांचा चारा. मच्छीमार तिथे होडी ओढून ठेवतो, जाळं वाळवतो. आपलं कुंपण पाण्याच्या कडेपर्यंत म्हणजे कुठल्या तारखेच्या कडेपर्यंत? ऑक्टोबरच्या कडेपर्यंत असेल तर ते आपल्या हद्दीत आहे. मेच्या कडेपर्यंत असेल तर ते दुसऱ्याच्या जमिनीत तीनशे मीटर आत आहे. आपले रखवालदार आत्ताच होड्यांना काठाला लागू देत नाहीत. त्यांच्या मोटरबोटी रात्री लावलेल्या जाळ्यांवरून जातात, पंख्यात जाळं तुटतं. प्लास्टिकच्या बाटल्या तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे, एवढंही त्यांना कुणी शिकवलेलं नाही. एकदा धरणासाठी उठलेल्या माणसांना निसर्गाच्या नावाने दुसऱ्यांदा उठवू नका. माळढोकाच्या अभयारण्याची अधिसूचना ८,४९६ चौरस किलोमीटरची होती, ती पुढे १,२२२ वर आणावी लागली. लोकांच्या खरेदी-विक्रीवर, बांधकामावर बंधनं आली आणि पक्ष्याबद्दल आपलेपणाऐवजी राग वाढला. काठावरची माणसं विरोधात गेली की रखवालदार किती नेमले यावर काहीच टिकत नाही.

सांडपाण्याचा विषय सभेत निघालाच नाही असं कळतं. आमच्या लेखी तो पहिला आहे. साठ घरं, दर घरी चार माणसं, माणशी रोज १३५ लिटर पाणी हे शहरी प्रमाण आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी. रोजचे जवळपास २६,००० लिटर झाले. आपल्या आराखड्यात प्रत्येक घराला सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा दाखवला आहे. हे बेटावर चालत नाही. शोषखड्ड्याचा तळ आणि जमिनीतल्या पाण्याची पातळी यांत निदान दोन मीटर कोरडी जमीन लागते. धरण भरलं की बेटाच्या पोटातलं पाणीही वर चढतं, आणि सप्टेंबर ते डिसेंबर खालच्या भूखंडांवर तेवढं अंतर राहणारच नाही. त्यात आपला काळा खडक भेगांचा. मुरमातून पाणी गाळलं जातं, भेगेतून ते तसंच्या तसं निघून जातं. मैल्याचं पाणी सरळ धरणात.

मग मध्यवर्ती एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, बसवू, असं कुणी म्हणेल. तोही नीट समजून घ्या. त्यात मैला खाऊन पाणी स्वच्छ करतात ते जिवाणू, आणि त्यांना रोज सारखं खाणं लागतं. आपली वसाहत शनिवार-रविवारी भरणार, सोमवार ते शुक्रवार चार-दोन घरं चालू. पाच दिवस उपाशी राहून पुष्कळ जिवाणू मरतात आणि शनिवारी सकाळी एकदम पाहुण्यांसकट भार येतो. मैला अर्धाकच्चा बाहेर पडतो. असा प्रकल्प कागदावर उत्तम चालतो आणि नळीतून घाण सोडतो. लोडशेडिंगमध्ये हवेचा पंप बंद पडला की तीच गत.

जे चालतं ते साधं आहे. बिनपाण्याचे, खत होणारे संडास. मैल्यावर दर वेळी भुसा किंवा वाळलेला पाला टाकायचा, एक कप्पा भरला की बंद करून वर्षभर तसाच ठेवायचा, तोवर दुसरा वापरायचा. लघवी वेगळी काढायची, कारण नत्र बहुतेक तिच्यातच असतं. हे नको असेल तर पूर्ण बंदिस्त, गळतीची चाचणी केलेल्या टाक्या आणि त्यांचा उपसा बोटीने किनाऱ्यावर. आंघोळ-धुण्याचं पाणी आधी तेलकट गाळाच्या छोट्या टाकीत, मग खडी-वाळूत लावलेल्या कर्दळीच्या वाफ्यात, माणशी दोन चौरस मीटर तरी. वाफ्याला खालून अस्तर हवं, आणि जागा पूर्ण संचय पातळीपासून उभ्याने तीन मीटर वर. वाफ्यातलं पाणी झाडांना, धरणात थेंबही नाही.

पुण्या-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून येतच आहे, आमच्या साठ घरांनी काय फरक पडणार, असा प्रश्न आपल्यातल्या काहींनी विचारल्याचं ऐकतो. वरून येणाऱ्या घाणीविरुद्ध आम्ही वेगळे भांडतो आहोत, भांडत राहू. उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होऊन वास मारतं ते त्या नत्र-स्फुरदामुळेच. पण निसर्ग राखायला म्हणून आलेल्यांनी त्याच पाण्यात आपली भर घालण्याला ती घाण सबब होऊ शकत नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. किनाऱ्यावरून बेटावर विजेच्या तारा खांबांवरून नेऊ नका. रोहित (फ्लेमिंगो) आणि पट्टकदंब हंसांचे थवे पहाटे आणि रात्री उडतात, तारा त्यांना दिसत नाहीत. पाण्याखालची केबल किंवा छतावरची सौर वीज. बाहेरचे दिवे गुडघ्याइतक्या उंचीचे, झाकलेले, पिवळसर, २७०० केल्विनच्या आतले, आणि काठाच्या बाजूला एकही नाही. ओला कचरा झाकणबंद पिंपात, कारण उघड्या खरकट्यावर उंदीर, कावळे आणि कुत्री वाढतात. ड्रोन नको. उन्हाळ्यात शेकोटी नको.

कायदा आपल्या बाजूने आहे, असं आपले सल्लागार सांगतात. अंशतः खरं आहे आणि तेच आम्हाला सलतं. पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांतून सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय वगळलेले आहेत, म्हणून उजनीला ते संरक्षण आपोआप मिळत नाही. पण निसर्ग राखणं हाच आपला हेतू असेल तर दुसरी वाट उघडी आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये २००२ च्या दुरुस्तीने कलम ३६-क आणि ३६-ग प्रमाणेची दोन प्रकारची राखीव क्षेत्रं आली. एक सरकारी जमिनीसाठी, दुसरं गावाच्या किंवा खासगी मालकीच्या जमिनीसाठी, तेही मालक स्वतः पुढे आला तर. मालकी आपलीच राहते. व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीने नेमलेले प्रतिनिधी बसतात, आणि पुढे जमिनीचा वापर बदलायचा तर समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी लागते. पुस्तिकेतलं वचन पुढच्या मालकाला बांधत नाही, हे बांधतं.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

भराव रस्त्याचा ठराव रद्द करा. त्याऐवजी तरंगते धक्के आणि वर सांगितलेली जलवाहतूक आखा, होडीवाले गावातले घ्या.

कुंपण ४९६.८३ मीटरच्या रेषेच्या वर ठेवा. जलसंपदा विभागाकडून ती रेषा मोजून घ्या, दगड रोवा आणि मोजणीच्या दिवशी ग्रामपंचायत, मच्छीमार आणि गाळपेरवाले यांना बोलवा. होड्यांना काठ मोकळा करा, तुटलेल्या जाळ्यांची भरपाई द्या.

दक्षिण टोकावर एकही झाड लावू नका. १५ फेब्रुवारी ते ३० जून त्या टोकावर आणि पाण्यात शंभर मीटरपर्यंत कुणीही जाणार नाही, आपणही नाही आणि आम्हीही नाही, असा फलक मराठीत लावा. नोंदी लांबून, होडीतून घेऊ, त्या आपल्याला देऊ.

पाळीव कुत्री-मांजरं, हिरवळ, जलतरण तलाव यांवर बंदी प्रत्येक भूखंडाच्या नोंदणीकृत खरेदीखतात घाला.

सांडपाण्याचा नवा आराखडा जाहीर करा. तो मंजूर होऊन एका घरात पावसाळा-उन्हाळा चालून दाखवेपर्यंत दुसरं घर बांधू नका.

भूखंडांची संख्या कमी करा. बेटाचा निम्म्याहून अधिक भाग कायमचा मोकळा सोडा आणि त्यासाठी वन्यजीव कायद्याखाली प्रस्ताव द्या. प्रस्ताव लिहायला पक्ष्यांच्या, गवताच्या, माशांच्या नोंदी लागतील. आमच्याकडे आहेत, विनामोबदला देऊ.

आणि परवानग्या देणाऱ्या अधिकाऱ्यांना विनंती. संपादित क्षेत्रातला भराव, पाणी उपसा, सांडपाणी आणि जलवाहतूक या चार परवानग्या चार टेबलांवर वेगवेगळ्या वाचल्या जातात आणि एकेक सुटी निर्दोष दिसते. या प्रस्तावापुरत्या तरी त्या एकत्र वाचा, उन्हाळ्यात जागेवर येऊन वाचा, आणि तोपर्यंत काम सुरू करू देऊ नका.

आपलं उत्तर लेखी हवं आणि ते जानेवारी संपण्याआधी काठावरच्या गावाच्या ग्रामसभेत वाचून दाखवलं जावं. आम्ही तिथे असू. आपले अभियंते आले तर दोन्हीकडचे नकाशे शेजारी ठेवून त्याच दिवशी रेषा ठरवता येईल.

आपले,
उजनीच्या पाण्यावर अवलंबून असलेले
पक्षी निरीक्षक, मच्छीमार, गाळपेर शेतकरी आणि नागरिक
सोलापूर